चारशेसातचे ब्रेक आणि जादाचे दोन पाटे

नवरात्र तोंडावर आलं की रताळ्याला भाव चढतो हे आमच्या बेळगावच्या पश्चिम भागात शेंबड्या पोरालाही माहीत असतंय. उपवासाचे दिवस, कोकणातून गोव्यातून फोनवर फोन. दोन वर्षांमागं तशाच एका खेपेला ५० किलोची ७० पोती माझ्या चारशेसात टेम्पोत भरून रात्री अडीचला निघालो, हिंडलगा, बाची, शिनोळी, पाटणे फाटा करत पहाटे आंबोलीत पोचलो, चहा मारला आणि घाट उतरायला लागलो. धबधबा मागं टाकून दोन-तीन वळणं गेली असतील आणि वास आला. लायनर, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी, जळाल्याचा वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला सांगायला नको, शेकोटीत चप्पल पडल्यागत. मी आपला म्हणतोय पुढच्या गाडीचा असेल. पुढं गाडीच नव्हती.

पुढच्या वळणाला पेडल दाबलं तर ते अर्ध्याच्या खाली गेलं, त्याच्या पुढच्याला तळाला. एकदम ब्रेक फेल वगैरे सिनेमात दाखवतात तसं काही नसतं बघा, गाडी थांबते पण थांबायला तिला वेळ लागतो आणि तेवढा वेळ आपल्याकडं नसतो. तीन-चार वेळा पेडल पंप केलं, थोडं वर आलं, गिअरबॉक्सचं काय व्हायचं ते होऊ दे म्हणून तिसऱ्यातून दुसरा घातला, हँडब्रेक ओढला आणि डोंगराच्या बाजूच्या गटारात डावं चाक घातलं. क्लीनर पोरगं गाडी थांबायच्या आधीच दगड घेऊन खाली उडी मारून मोकळं. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता. ते पोरगं पाण्याचा कॅन घेऊन ओतायला निघालं तर त्याला आधी हात धरून मागं ओढलं, तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं की बीड तडकतंय, मग तिथंच क्रेन बोलवायची पाळी. पाऊण तास बसून राहिलो. नंतर पहिल्या-दुसऱ्या गिअरात मुंगीच्या पावलानं दाणोलीपर्यंत उतरलो.

आता गाडीबद्दल. टाटा चारशेसात, २००३ चं मॉडेल, सेकंडहँड, निपाणीकडून घेतलेली, पासिंग केए २३. ही गाडी कंपनीनं १९८६ ला काढली तेव्हापासून आमच्या भागात भाजी, विटा, जनावरं, लग्नाचं वऱ्हाड सगळं हिच्यातनंच, त्यामुळं हिचे पार्ट्स आणि हिच्यावर मतं देणारे दोन्ही ढिगानं मिळतात. ब्रेक ऑइलचे, चारही चाकांना ड्रम, आणि पायाला मदत म्हणून व्हॅक्यूमचा बूस्टर. मागचा मालक विटा मारायचा. घेताना त्यानं मला मागचे पाटे, म्हणजे मालाचं वजन झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या, दाखवले होते, प्रत्येक बाजूला एक पाटा जादा घातलेला, म्हणाला चार टन टाका, गाडी बसणार नाही. मी खूश. त्यासाठी पाच हजार जास्त मोजले की नाही आठवत नाही, पण मोजले असते.

आंबोलीवरून परत आल्यावर पहिलं काम सगळे करतात तेच केलं, जवळच्या गॅरेजात गाडी लावली. नाव घेत नाही. त्यानं पुढचे लायनर बदलले, स्वस्तातले, ऑइल टॉपअप केलं, दोन चाकांच्या ब्रेकच्या पाइपातली एअर काढली आणि म्हणाला झालं. रिकामी गाडी रस्त्यावर घेतली तर खरंच ब्रेक झकास लागले. रिकाम्या गाडीला ब्रेक लागतातच हो. पासिंगलाही गाडी रिकामीच नेतात, त्यामुळं वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षात येत नाही. पुढची खेप भरली आणि हिंडलग्याच्या उतारालाच कळलं की आपण पैसे नुसते फिरवून ओवाळून टाकलेत.

माझी मोठी पोरगी तेव्हा बारावी सायन्सला होती. तिला मी घाटातलं सांगितलं नव्हतं, क्लीनरनं सांगितलं. तिनं वहीत हिशेब मांडला, गाडी अधिक माल सव्वासहा टन धरलं, आंबोलीहून खाली साधारण ६०० मीटर उतार, तर ब्रेकनं जेवढी उष्णता खायची तेवढ्यात शंभर लिटरपेक्षा जास्त गार पाणी उकळतं. आमच्या परड्यातल्या बंबात वीस लिटर पाणी बसतंय. म्हणजे पाच-सहा बंब पाणी तापवायचं काम चार ड्रमनी करायचं, तेही पाऊण तासात. हे ऐकल्यावर मला पहिल्यांदा कळलं की ब्रेक गाडी थांबवत नाही, गाडीचा जोर तापवून वाऱ्यावर सोडतो, आणि सोडायला जागा नसली की ऑइल उकळायला लागतं, ड्रम फुगून लायनरपासून लांब जातो आणि पेडल तळाला.

तिचंच दुसरं डोकं म्हणजे मोजायचं. गावाबाहेरच्या सरळ रस्त्याला एक आंब्याचं झाड आहे, तिथं पोचताना काटा ४० वर पाहिजे, झाडाजवळ ब्रेक दाबायचा आणि थांबल्यावर झाडापासून पुढच्या चाकापर्यंत तिनं पावलं मोजायची. पहाटे, रस्ता मोकळा बघून, मागं क्लीनरला लांब उभा करून. पोती भरलेली गाडी, पहिली मोजणी ३१ पावलं. केबिनच्या दाराच्या आत तिनं खडूनं ३१ लिहिलं. एवढ्यानं आधीचं नवीन लायनर, ऑइलचं टॉपअप सगळ्याची किंमत कळली.

मग ऑटोनगरच्या एका म्हाताऱ्या मेस्त्रीकडं गेलो. कन्नड माणूस, मराठी बोलतो पण क्रियापदं त्याची त्याची. सगळे त्याला मामा म्हणतात. मामानं गाडी उघडायच्या आधी इंजिन बंद करायला लावलं, पाच-सहा वेळा पेडल मारायला लावलं, मग पाय दाबून ठेवायला सांगितला आणि म्हणाला आता स्टार्टर मार. बूस्टर धडका असला तर इंजिन सुरू झाल्याबरोबर पेडल पायाखाली आपोआप थोडं बसतंय. माझं हललंच नाही. मी इतकी वर्षं गाडी चालवतोय, ही फुकटातली टेस्ट मला कुणी सांगितली नव्हती. आपल्या डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा व्हॅक्यूम आपोआप तयार होत नाही, त्यासाठी डायनामोच्या मागं वेगळा पंप असतो आणि तिथून एक जाड रबरी पाइप बूस्टरला जातो. तो पाइप ऑइल पिऊन पिऊन मऊ झाला होता, मामानं दोन बोटात चिमटला तर चिमटलेलाच राहिला. इंजिन वाढवलं की आतल्या आत चिकटत होता. पाइप नवीन, उलटं जाऊ न देणारा छोटा व्हॉल्व्ह नवीन, पंपाचं सील नवीन.

पेडल एकदम हलकं झालं. मी म्हटलं संपलं आता. आंब्याचं झाड, २५ पावलं. बरं आहे, पण पुढची चाकं घासत होती, रस्त्यावर दोन काळे पट्टे, आणि गाडी नाकावर बसत होती.

मामा दुसऱ्या दिवशी स्वतः बसून आला. सुळग्यापर्यंत नेऊन आणलं, वाटेत आठ-दहा वेळा ब्रेक मारायला लावले, मग टपरीसमोर थांबवलं. पाण्याचा ग्लास घेतला, बोटं बुडवली आणि पुढच्या ड्रमवर शिंतोडे मारले. चर्र. मागच्या ड्रमवर मारले. काहीच नाही, थेंब ओघळून खाली. मग त्यानं मागच्या ड्रमला सरळ तळवा लावला आणि माझ्याकडं बघून म्हणाला, "हिंदिन ब्रेक हिडियंगिल्ल री. मागचं धरतच नाही. चार चाकाचं काम दोन चाक करतंय, जळणार नाही तर काय होईल?"

तापलेल्या पुढच्या ड्रमपेक्षा तो गार मागचा ड्रम बघून माझ्या पोटात गोळा आला. जिथं सगळं वजन असतंय तिथंच ब्रेक नाही.

गॅरेजात आल्यावर बॅटरी घेऊन तो गाडीखाली झोपला आणि मलाही बोलावलं. चेसिसला मागच्या एक्सलच्या थोडं पुढं चिखल आणि ग्रीसचा एक गोळा होता. स्क्रू ड्रायव्हरनं खरवडला तर आतून मुठीएवढा व्हॉल्व्ह निघाला, त्याला एक दांडी आणि दांडीचं दुसरं टोक एक्सलला. कागदावर त्याचं नाव एलसीआरव्ही, मामा त्याला लोडचा व्हॉल्व्ह म्हणतो. हा म्हणजे गाडीला बसवलेला तराजूच. माल भरला की पाटे बसतात, चेसिस एक्सलच्या जवळ येतं, दांडी वर जाते आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना ऑइलचं प्रेशर जास्त सोडतो. गाडी रिकामी असली की उलट, मागं प्रेशर कमी, कारण रिकाम्या गाडीला मागं जोरात ब्रेक लागला तर चाकं जाम होऊन ओल्या रस्त्यावर शेपूट फिरते. पिन गंजून गेली होती. डिझेल ओतून, ठोकून, हलवून सुटी केली. मला वाटलं सापडलं!

आंब्याचं झाड, २४ पावलं. एक पाऊल. पोरीनं २५ पुसून २४ लिहिताना तोंड फिरवलं, हसत असणार.

माझ्या एका ट्रकवाल्या दोस्तानं सांगितलं की तो व्हॉल्व्ह काढून टाक, सरळ पाइप जोड, आमच्या सगळ्यांच्या गाड्या तशाच आहेत. मी मामाला म्हटलं. मामा एरवी चिडत नाही, त्या दिवशी हातातला पाना खाली ठेवला. "पावसाळ्यात रिकामी येताना घाटात फिरली गाडी की मला फोन करू नको," एवढंच. नंतर टेप घेऊन आला. रिकाम्या गाडीला चेसिस ते एक्सल अंतर मोजलं, ७० पोती चढवून परत मोजलं. फरक जेमतेम दीड इंच. मामानं टेप माझ्या हातात दिला आणि पाट्यांवर पान्यानं टक् टक् वाजवलं. जादाचा पाटा, डावीकडं एक, उजवीकडं एक.

तेव्हा डोक्यात उजेड पडला. गाडी बसणार नाही, गाडी बसणार नाही म्हणून ज्याचं कौतुक करून घेतली तेच हे. गाडी बसत नाही म्हणजे तराजूला वजन दिसतच नाही. साडेतीन टन माल घालून मी निघायचो आणि तो व्हॉल्व्ह इमानदारीत समजायचा की गाडी रिकामीच चालली आहे, मागचं प्रेशर कापत राहायचा. त्यात ब्रेक मारला की गाडी पुढं झुकते, मागची बाजू आणखी उचलते, म्हणजे आणखी कमी. लायनर, ऑइल, बूस्टर सगळं सोन्याचं घातलं असतं तरी मागच्या चाकापर्यंत पोचलं नसतं. दांडीची लांबी बदलून फसवता येईल का असं मी विचारलं, मामा म्हणाला फसवता येतंय, पण मग रिकामी असताना तो चुकणार, दोन्हीकडून खरं सांगायला पाहिजे असेल तर पाटे कंपनीचे तेवढेच ठेव.

म्हणजे माल कमी. इथं मी दोन दिवस घेतले, खोटं कशाला बोलू. ७० पोत्यांचं भाडं आणि ४५ पोत्यांचं भाडं यातला फरक मला तोंडपाठ होता. बायकोनं फक्त विचारलं, त्या दिवशी गटार नसतं तर? जेवणावरून उठलो आणि मामाला फोन केला.

एकदा उघडायचंच म्हटल्यावर सगळं उघडलं. पाटे एक्सलला बांधणारे यू बोल्ट कापूनच काढावे लागले. पाटे उतरवले, जादाचे बाजूला टाकले, लोडचा व्हॉल्व्ह आतून खाल्लेला होता म्हणून नवीन घेतला, दांडी सेट केली. पुढच्या ड्रमला आतून निळसर डाग पडले होते आणि कडेला नखाला लागेल एवढी धार. दोन्ही उद्यमबागला लेथवर नेले. तिथल्या पोरानं माप घेऊन एक बाजूला ठेवला, म्हणाला हा टर्निंग केला तर लिमिटच्या बाहेर जातो, ड्रमवर ओतीव अक्षरात जास्तीत जास्त माप दिलेलं असतं ते वाचा. एकाच एक्सलला एक जुना एक नवा नको म्हणून जोडी नवीन घेतली. मागचे चांगले होते, होणारच, त्यांनी काम कुठं केलं होतं, फक्त काचेसारखे गुळगुळीत झाले होते, हलकं टर्निंग केलं.

लायनर मारायचं काम मात्र बघण्यासारखं. मामा रिव्हेट मधून सुरू करतो आणि दोन्ही टोकांकडं जातो, टोकाकडून मधे आलं तर लायनर पोटात फुगतो आणि शूवर, म्हणजे ज्या लोखंडी कमानीवर तो मारतात तिच्यावर, नीट बसत नाही. मग ड्रमच्या आतून पांढरा खडू फासला, शू आत धरून थोडा फिरवला, बाहेर काढला. लायनरच्या मधल्या भागावर खडू, दोन्ही टोकं काळीच. म्हणजे सगळा लायनर लागतच नाही, मधली चार बोटंच घासणार. कानशीनं घास, परत खडू, परत बघ. एका शूला चार वेळा केलं. मी म्हटलं मामा, चालवून चालवून बसेल की आपोआप, तर म्हणाला तोपर्यंत घाट वाट बघणार आहे का तुझी? शेवटी जवळजवळ सगळा पांढरा झाला तेव्हा बाजूला ठेवला. तोंडाला फडकं बांधून करायचं हे काम, ती धूळ वाईट, जुन्या लायनरात तर ॲस्बेस्टॉस असायचं.

व्हील सिलिंडरची किट, चाकाजवळचे रबरी पाइप, तेही बदलले. पाइप बाहेरून बरे दिसतात, आतून सुजलेले असतात. ऑइल बाटलीत काढलं तर काळ्या चहासारखं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि आमच्याकडं पावसाळा म्हणजे चार महिने नुसती ओल. डॉट ३ ग्रेडचं ऑइल कोरं असताना २०५ अंशाला उकळतं, पाणी प्यायल्यावर १४० लाच. आंबोलीत माझं ऑइल उकळलं ते याच्यामुळं. आता डॉट ४ घातलंय, ते २३० पर्यंत टिकतं, आणि मामानं दरवर्षी पावसाळा संपला की बदलायला सांगितलंय. एअर काढायला पोरगी पेडलवर बसली. सगळ्यात लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. खालून मामा "दाब... धर... धर गं... सोड," निपलला लावलेल्या पारदर्शक नळीतून बुडबुडे बाटलीत, आधी बदाबदा, मग एकेक, मग नुसतं स्वच्छ ऑइल. पोरीचा पाय दुखायला लागला पण ती उठली नाही.

नवीन लायनर लगेच घाटात न्यायचा नाही. दोन दिवस रिकामी गाडी घेऊन बाचीच्या रस्त्याला ४० वरून १० पर्यंत हळू ब्रेक, मग किलोमीटरभर गार होऊ द्यायचं, परत. असं वीस-पंचवीस वेळा. परत येऊन शू ॲडजस्ट.

मग ४५ पोती भरली, आंब्याचं झाड. १७ पावलं. आणि गाडी नाकावर न बसता सगळीच्या सगळी खाली दबून थांबली, मागून कुणी शेपूट धरल्यागत. आता ७० ची ४५ पोती झाली त्याचाही वाटा असणारच, म्हणून पोरीच्या हट्टानं आणखी एकदा पाण्याचे शिंतोडे मारून बघितले. चारही ड्रमवर चर्र झालं.

सगळं मिळून ३० हजाराच्या वर गेलं, त्यातले पहिले साडेचार हजार त्या स्वस्तातल्या कामाचे, म्हणजे पाण्यात.

आणखी एक कबूल करतो. मी उतारावर न्यूट्रल मारणाऱ्यांपैकी होतो. डिझेल वाचतं म्हणून. मामानं सांगितलं की गिअरात ठेवून ॲक्सिलेटर सोडला की पंप डिझेल बंदच करतो, न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवायला डिझेल जळतं, म्हणजे मी वाचवत काहीच नव्हतो आणि इंजिनाचा फुकटचा ब्रेक टाकून सगळा भार लायनरवर देत होतो. आता ज्या गिअरात घाट चढतो त्याच गिअरात उतरतो. सततचा अर्धवट पाय ठेवत नाही, एकदा दाबून वेग पाडायचा आणि सोडायचं, ड्रमला श्वास घ्यायला वेळ द्यायचा. मागचे हॉर्न मारतात, मारू देत. परवा कुणीतरी खिडकीतून ओरडून गेला, काय वऱ्हाड घेऊन चाललाय काय म्हणून.

सावंतवाडीचा व्यापारी अजून प्रत्येक नवरात्राला म्हणतो, दहा पोती जास्त टाका की, पाटे आहेत ना तुमच्या गाडीला. नाहीत म्हणून सांगतो. त्या दोन पाट्यांचे गावातल्या लोहाराकडनं तीन कोयते आणि दोन विळे करून घेतले, पोलाद नंबर एक आहे, या वर्षी भात त्यानंच कापलं.